रात्री आठचा फोन

या वेळचं पत्र कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आलं आहे.

‘सप्रेम नमस्कार. तीस वर्षं आम्ही दोघं इथे राहतो. हे मार्चमध्ये निवृत्त झाले आणि आम्ही एक जुनी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, विकत घेतली, पंचवीस फुटी. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आहे. नेवाडातून हायवे ५० ने युटा, तिथून येलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान, मग साउथ डकोटातलं बॅडलँड्स आणि सप्टेंबरअखेर व्हर्जिनियाला मुलीकडे. मी अजून आठवड्यातले तीन दिवस एका कंपनीचे हिशेब घरून बघते, ते काम सोडायचं नाही. आणि सांगलीला माझी आई आहे, ८६ वर्षांची, भावाकडे असते. तिच्या रात्री आठला मी रोज व्हिडिओ कॉल करते. बारा वर्षांत एक दिवस चुकला नाही. यांचं म्हणणं, फोनचा एवढा बाऊ कशाला? माझ्याकडे व्हेरायझन आहेच, हे स्वतःला व्हिजिबल घेणार, म्हणजे दोन कंपन्या झाल्या, एक नाही तर दुसरी लागेल. दुकानांत विचारलं तर प्रत्येक जण आमचंच कव्हरेज देशभर म्हणतो. तुम्ही बरीच वर्षं आरव्हीने फिरता आहात. नक्की कुठली कंपनी भरवशाची?’

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या मिस्टरांच्या बेताबद्दल बोलते, कारण पैसे भरायच्या आत तो थांबायला हवा. व्हिजिबल ही व्हेरायझनच्याच मालकीची आहे आणि तिचे फोन व्हेरायझनच्याच टॉवरवर चालतात. तुमची रेंज ज्या वळणावर जाईल, त्याच वळणावर त्यांचीही जाणार. बिलं दोन आणि नेटवर्क एकच. ही चूक पुष्कळ जणांकडून होते आणि त्यात त्यांचा दोष नाही. पाट्या वेगळ्या, रंग वेगळे, जाहिराती वेगळ्या. पण अमेरिकेत देशभर पसरलेली टॉवरची जाळी आज तीनच आहेत: व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. चौथी स्प्रिंट होती, ती एप्रिल २०२० मध्ये टी-मोबाइलमध्ये विलीन झाली. बाकीची बहुतेक नावं या तिघांच्या टॉवरवर भाड्याने चालतात, नाहीतर त्यांचीच धाकटी भावंडं असतात. क्रिकेट एटी अँड टीची, मेट्रो आणि मिंट टी-मोबाइलची. यूएस मोबाइलकडे तर तिन्हींपैकी कुठलं जाळं हवं ते आपण निवडायचं. तेव्हा कुठलाही प्लॅन घेताना किमतीच्या आधी विचारा, ‘हा कोणाच्या टॉवरवर चालतो?’

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फ्रीमाँटच्या घरात बसणाऱ्याला एक भरवशाची कंपनी सापडते, कारण त्याला एकाच जागेची रेंज बघायची असते. तुमचं घर दर दोन-चार दिवसांनी जागा बदलणार आहे. एका खोऱ्यात व्हेरायझन खणखणीत चालेल आणि पुढच्या घाटापलीकडे फक्त एटी अँड टी लागेल. अशा प्रवासाला मी एका कंपनीवर कधीच निघत नाही. गाडीत वेगवेगळ्या जाळ्यांची दोन सिम ठेवते: एक चांगल्या पोस्टपेड प्लॅनचं, ज्यावर काम करायचं, आणि दुसरं स्वस्त प्रीपेड, महिन्याच्या महिन्याला भरायचं, नको त्या महिन्यात बंद करायचं.

तुमचं व्हेरायझन आहे ते राहू द्या. मिस्टरांच्या फोनमध्ये एटी अँड टीच्या टॉवरवरचं काहीतरी घ्या. टी-मोबाइल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. शहरांत आणि मोठ्या इंटरस्टेटवर, म्हणजे राज्याराज्यांतून जाणाऱ्या महामार्गांवर, त्याचा वेग पुष्कळदा सगळ्यांत चांगला मिळतो, आणि तुम्ही आय-८० किंवा आय-९० धरून सरळ पूर्वेला निघाला असतात तर मी कदाचित तेच सांगितलं असतं. पण तुमचा रस्ता आडवाटेचा आहे. एटी अँड टीला २०१७ मध्ये फर्स्टनेटचं, म्हणजे पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांच्यासाठीच्या राष्ट्रीय नेटवर्कचं सरकारी कंत्राट मिळालं. त्यासाठी त्यांनी आडगावांत टॉवर उभे केले, तेही सातशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. फ्रिक्वेन्सी जितकी खालची, तितका सिग्नल लांब जातो आणि झाडाझुडपांतून, भिंतींतून आत येतो. तातडीच्या सेवांना गरज नसते तेव्हा तो पट्टा तुमच्या-आमच्या फोनलाही मिळतो. पश्चिमेकडच्या मोकळ्या मुलखात मला याचा उपयोग वारंवार झाला आहे.

माझ्या शब्दावर मात्र वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. बऱ्याच कंपन्या हल्ली ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या, बाहेरून न घालाव्या लागणाऱ्या सिमवर, काही दिवस किंवा काही आठवडे फुकट वापरून बघू देतात. जूनच्या आधी एखाद्या शनिवार-रविवारी गाडी घेऊन सिएराच्या डोंगरांपलीकडे जाऊन या, दोन्ही सिम शेजारी शेजारी ठेवून. आणि बघताना कांड्या मोजू नका. कांड्या प्रत्येक फोन आपल्या मर्जीने दाखवतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलंत की सिग्नलचा खरा आकडा मिळतो. अँड्रॉइडवर तो सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत असतो. आकडा ऋण असतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०५ ला काम रेटता येतं, उणे ११५ च्या खाली गेला की व्हिडिओ कॉलचा नाद सोडायचा.

नकाशांबद्दल दुकानदार तुम्हाला खोटं सांगत नाहीत, पण सगळंही सांगत नाहीत. कव्हरेजचे नकाशे हे टॉवरची उंची, ताकद आणि जमिनीचे चढउतार यांवरून केलेलं गणित असतं. कोणी प्रत्येक ओढ्याकाठी फोन धरून बघितलेलं नसतं. शिवाय फिक्या रंगाचा भाग पुष्कळदा भागीदार कंपनीच्या टॉवरचा असतो. तिथे बोलता येतं, डेटा मात्र तुटपुंजा मिळतो. त्यापेक्षा एफसीसी या सरकारी संस्थेचा ब्रॉडबँड नकाशा बघा. नोव्हेंबर २०२२ पासून तो नव्या रूपात आहे. त्यात तिन्ही कंपन्या एकाच नकाशावर दिसतात, ४जी आणि ५जी वेगळं दिसतं, मोकळ्यावर उभं असताना आणि चालत्या गाडीत असताना हाही फरक दिसतो. त्याचा आधारही कंपन्यांनी दिलेलं गणितच, पण सगळ्यांना मोजपट्टी एक. त्याच्या जोडीला कॅम्पेंडियम या वेबसाइटवर मुक्कामाच्या जागांखाली लोकांनी लिहिलेले अनुभव वाचा. कुठल्या कंपनीची रेंज कशी होती हे आरव्हीवाले तिथे आवर्जून लिहितात. फक्त तारीख बघा. चार वर्षांपूर्वीचा अनुभव आता धरू नका.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती मला अनुभवाशिवाय कळली नसती. ॲरिझोनात क्वार्टझाइट नावाचं छोटं गाव आहे, वाळवंटातलं. उन्हाळ्यात तिथे काही हजार माणसं असतात. जानेवारीत थंडी टाळायला उत्तरेतले आरव्हीवाले तिथे जमतात, आरव्हींचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि नजर जाईल तिथवर वाळवंटात गाड्याच गाड्या दिसतात. आम्ही गावाबाहेर सरकारी मोकळ्या जमिनीवर मुक्काम केला होता. माझ्या फोनला पूर्ण कांड्या. टॉवर डोळ्यांना दिसत होता, रात्री त्याचा लाल दिवा लुकलुकायचा. आणि फोनवर साधा फोटो जात नव्हता. व्हॉट्सॲपचं गोल चाक फिरत राहायचं, कॉल ‘कनेक्टिंग’वर अडायचा. मी फोन बदलून पाहिला, बंद-चालू केला, गाडीच्या टपावर चढून पाहिलं. पहाटे चारला उठले तर सगळं झरझर चालत होतं.

शेजारच्या गाडीत नेब्रास्काचे एक निवृत्त शेतकरी होते. त्यांचा फोन त्याच टॉवरवर होता आणि ते भर संध्याकाळी नातवाशी व्हिडिओवर बोलत बसायचे. फरक प्लॅनचा निघाला. टॉवरवर गर्दी झाली की कंपनी रांग लावते. महागड्या पोस्टपेड प्लॅनवाले पुढे, स्वस्त प्रीपेड आणि भाड्याच्या कंपन्यांचे गिऱ्हाईक मागे. मी मागच्या रांगेत होते आणि मला ते प्लॅन घेताना कोणी सांगितलं नव्हतं. ‘अनलिमिटेड’ एवढंच मी वाचलं होतं. खालच्या बारीक अक्षरांत ‘गर्दीच्या वेळी वेग तात्पुरता कमी होऊ शकतो’ असं एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यानेच माझे आठ दिवस खाल्ले.

म्हणून तुमचं व्हेरायझन कुठल्या प्लॅनचं आहे ते आज बिल काढून बघा. एकाच कंपनीच्या सगळ्यात खालच्या पोस्टपेड प्लॅनलाही मागची रांग असू शकते. फोन करून नेमकं विचारा, ‘गर्दीत प्राधान्य मिळणारा डेटा या प्लॅनमध्ये किती आहे?’ उन्हाळ्यात येलोस्टोनमध्ये तुमची क्वार्टझाइटसारखीच गत होऊ शकते. तिथे वर्षाला चाळीस लाखांवर माणसं येतात, त्यातली बहुतेक याच महिन्यांत, आणि टॉवर मोजके. तिथल्या ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्याचं पाणी उसळलं की भोवतीच्या गर्दीतला प्रत्येक जण तो व्हिडिओ त्याच मिनिटाला पाठवायला बघतो. चार महिन्यांसाठी वरचा प्लॅन घेऊन व्हर्जिनियात पोचल्यावर पुन्हा खाली आलात तरी चालेल.

दुसरं बघायचं ते हॉटस्पॉट. तुमचं काम लॅपटॉपवरचं. फोनवर अनलिमिटेड असलं तरी फोनवरून लॅपटॉपला द्यायच्या डेटाची मर्यादा वेगळी असते आणि ती संपली की वेग इतका खाली आणतात की ईमेलसुद्धा कुंथत उघडते. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी धरा, चित्र स्पष्ट ठेवलंत तर त्याहून जास्त. आठवड्यातल्या तीन दिवसांत किती मीटिंगा होतात ते मोजून हॉटस्पॉटचा आकडा ठरवा. हिशेबाचं काम तुमचंच आहे, मी काय सांगणार! मीटिंग नसेल तेव्हा तुमच्या कामाला फारसा डेटा लागणार नाही.

‘घरचा ५जी इंटरनेटचा डबा घ्या आणि गाडीत ठेवा’ असंही कोणीतरी सुचवेल. ते डबे एका पत्त्याला बांधलेले असतात. पत्ता सोडून चालवले तर कंपनी बंद करू शकते. फिरत्या लोकांसाठी टी-मोबाइलचा वेगळा प्लॅन आहे, त्याची किंमतही वेगळी.

आता तुमचा रस्ता. मला वाटतं ताई, तुम्ही ‘सगळीकडे रेंज हवी’ असा विचार करता आहात, म्हणून तो डोंगराएवढा वाटतोय. आईच्या रात्री आठला कॅलिफोर्निया-नेवाडात सकाळचे साडेसात वाजलेले असतात. युटा, वायोमिंग आणि बॅडलँड्समध्ये साडेआठ, मुलीकडे पोचाल तेव्हा साडेदहा. म्हणजे व्हर्जिनियाला पोचेपर्यंत कॉलच्या वेळी तुम्ही अजून मुक्कामावरून हललेल्याच नसाल. रस्त्यात दोनशे मैल रेंज नसली तरी तुमचं काही अडत नाही. मुक्काम जिथे पडेल तिथे सकाळी ती हवी, बस. आणि सकाळी लवकर टॉवरवर गर्दी कमी असते, ही घड्याळाने तुम्हाला दिलेली भेटच आहे.

हायवे ५० ला ‘अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता’ म्हणतात. फॅलन सोडलं की ऑस्टिनपर्यंत शंभरावर मैल, मग युरेकापर्यंत सत्तर, मग इलीपर्यंत पुन्हा सत्त्याहत्तर. मधल्या भागात बराच वेळ दोन्ही फोन मुके होतील. त्याने घाबरू नका. निघायच्या आधी गुगल मॅप्सवर तो सगळा पट्टा डाउनलोड करून ठेवा, टाकी अर्ध्यावर आली की भरा आणि रात्र गावात काढा. युटातलं झायॉन राष्ट्रीय उद्यान बघणार असाल तर दरीत शिरलात की दोन्ही बाजूंच्या उभ्या कड्यांमुळे सिग्नल तुटतो. बाहेरच्या स्प्रिंगडेल गावात मिळतो. येलोस्टोनमध्ये मॅमथ, ओल्ड फेथफुल, कॅनियन, ग्रँट अशा वस्तीच्या जागा सोडल्या तर फार आशा नको. तिथे दोन-तीन रात्री आत राहा, मनसोक्त फिरा, आणि कामाच्या दिवसांसाठी बाहेर गार्डिनर किंवा वेस्ट येलोस्टोनला या. बॅडलँड्सला वॉल गाव जवळ आहे.

कामाचे तीन दिवस विखुरलेले असतील तर मालकांशी बोलून मंगळवार-बुधवार-गुरुवार असे सलग करून घ्या. ते तीन दिवस गावाजवळच्या, वीज-पाण्याची जोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडवर काढा आणि उरलेले चार दिवस रानात. आम्ही असंच करतो. शनिवार-रविवारी गावाजवळचे कॅम्पग्राउंड भरलेले असतात, तेही टळतं. कॅम्पग्राउंडच्या वायफायवर मात्र काम टाकू नका. संध्याकाळी सगळे सिनेमे बघायला बसले की ते गळून पडतं.

व्हर्जिनियाला जाताना वेस्ट व्हर्जिनियातून जाणार असाल तर ग्रीन बँकच्या आसपास फोन पूर्ण गप्प झाला म्हणून बिघडला समजू नका. तिथे प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे आणि तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून १९५८ पासून सुमारे १३ हजार चौरस मैलांच्या टापूत रेडिओ लहरींवर निर्बंध आहेत. आपल्या नारायणगावजवळ खोडदला तीस तबकड्यांची दुर्बीण आहे ना, त्याच जातीची ही विद्या. वेळ असेल तर थांबून बघाच. फक्त कॉल त्या दिवशी आधी उरका.

सामानात काय घ्यायचं असंही लोक विचारतात, म्हणून थोडक्यात. सिग्नल बूस्टर उपयोगी आहे, पण तो असलेला सिग्नल वाढवतो. शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच. तुमच्या गाडीचं अंग ॲल्युमिनियमचं असेल तर आत सिग्नल फार घटतो, तिथे टपावरच्या अँटेनाचा फरक पडतो. बूस्टर घेतलात तर फोन कंपनीकडे त्याची नोंद करावी लागते, तसा एफसीसीचा नियम आहे. आधी मात्र फुकटचा उपाय करून बघा. आमच्या गाडीत बेसिनच्या वरच्या खिडकीत, भांडी निथळायच्या जाळीवर फोन उभा केला की उणे ११२ चं उणे १०३ होतं. त्याच जाळीवर फोन ठेवून मी कितीतरी मीटिंगा केल्या आहेत, लॅपटॉप खाली ओट्यावर आणि मी उभी.

स्टारलिंकचं, म्हणजे उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटचं, तुम्ही विचारलं नाहीत, पण मिस्टर विचारतील. लहान तबकडी ऐटीत मांडीवर मावते, पंचवीस ते चाळीस वॅट वीज खाते, म्हणजे गाडीच्या बॅटरीला झेपते. नेवाडाच्या उघड्या माळावर ती सोन्यासारखी चालते. देवदारांच्या दाटीत किंवा दरीच्या तळाशी आकाशच दिसत नाही, तिथे अडखळते. बिल फोनच्या साध्या लाइनपेक्षा जड. तुमची नोकरी पाच दिवसांची असती तर मी घ्याच म्हटलं असतं. तीन दिवसांच्या कामाला आणि एका कॉलला दोन सिम पुरावीत असं माझं मत आहे. जुलैपर्यंत बघा, नाही भागलं तर वाटेतही घेता येते.

आता तुमच्या फोनमधल्या भारतातल्या सिमचा विचार. तुम्ही लिहिलं नाहीत, पण सांगलीच्या बँकेचे ओटीपी येण्यासाठी ते तुम्हीही जपून ठेवलं असणार. फोनमध्ये एका वेळी दोनच सिम चालू राहतात. तेव्हा तुमच्या फोनमध्ये व्हेरायझन आणि भारताचं, मिस्टरांच्या फोनमध्ये एटी अँड टी, अशी वाटणी करा. त्यांच्या फोनमधली दुसरी जागा रिकामी राहील, तिथे गरज पडली तर टी-मोबाइलचं महिनाभराचं सिम बसेल. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनना सिमची खाचच नाही, तिथे भारताचंही सिम ई-सिम करून घ्यावं लागतं आणि ते भारतात असतानाच करणं सोपं. प्रीपेड असेल तर नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो. चार महिने प्रवासात आहात, मधे एकदा भावाला शिल्लक आणि रिचार्ज बघायला सांगा.

आणि दोन गोष्टी जिवाच्या. ९११ हा अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबर लावलात तर तो कॉल तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तरी आसपास ज्या कुठल्या टॉवरशी फोन जुळेल त्यावरून जायला हवा, तसा नियमच आहे. म्हणून ‘नो सर्व्हिस’ दिसलं तरी लावून बघा. पण फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू असेल तर सेटिंगमध्ये तातडीचा पत्ता म्हणून फ्रीमाँटचं घर लिहिलेलं असतं. वायोमिंगमधून वायफायवरून ९११ लावलंत आणि गाडी तुमच्या फ्रीमाँटच्या दारात गेली, असं व्हायला नको. लांब मुक्काम असेल तिथे तो पत्ता बदला. दुसरं, तुमचा फोन आयफोन १४ किंवा नंतरचा असेल तर जिथे कुठलंच नेटवर्क नाही तिथेही उघड्या आकाशाखाली उपग्रहावरून मदत मागता येते, आणि हल्ली साधा मेसेजही पाठवता येतो. टी-मोबाइलनेही जुलै २०२५ मध्ये स्टारलिंकच्या उपग्रहांवरून मेसेजची सोय सुरू केली. दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांनाही ती वेगळे पैसे भरून मिळते. घरून निघायच्या आधी अंगणात उभं राहून उपग्रहाचा सराव करा, आयफोनमध्ये त्याचा डेमो आहे. फोन कुठल्या दिशेला धरायचा हे अंधारात, पावसात शिकायची वेळ येऊ नये. मुलीशी ठरवून ठेवा: तुमचा उपग्रहावरचा मेसेज तिला गेला की तिने तो लगेच सांगलीला व्हॉट्सॲप करायचा.

आता आईबद्दल. बारा वर्षांत एक दिवस चुकला नाही, हे तुम्ही अभिमानाने लिहिलं आहे आणि तो अभिमान रास्तच आहे. पण या चार महिन्यांत काही दिवस चुकतील. दोन सिम घेऊनही, तीन घेऊनही. ते आईला आधी सांगा.

मी सांगितलं नव्हतं. आयडाहोतल्या सॉटूथ डोंगरांत आम्ही एक रात्र म्हणून गेलो आणि तळ्याकाठी तीन रात्री राहिलो. माझे वडील साताऱ्याला, तेव्हा ८२ वर्षांचे. रोज सकाळी त्यांना फोन असायचा. पहिला दिवस चुकला तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसून राहिले, जेवायला उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी भावाने शिकागोच्या चुलतभावाला उठवलं, त्याने आणखी दोघांना. खाली उतरून रेंज आली तेव्हा फोन थरथरत किती वेळ वाजत राहिला. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून लावला. ते रागावतील असं वाटलं होतं. एवढंच म्हणाले, ‘जेवलीस का?’

तुमच्या आईला नेटवर्क समजावत बसू नका. भावाच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असेल. निघायच्या आधी वहिनींना फोन करून रस्ता सांगा आणि ज्या दिवशी रेंज नसेल असं वाटतं, त्या तारखांच्या चौकोनात खूण करायला सांगा. आईने सकाळी तिथी बघताना तिला दिसेल, आज लेक डोंगरात आहे, आज फोन नाही. खूण पेन्सिलीनेच करायला सांगा. येलोस्टोनमध्ये एखादा दिवस जास्त राहावंसं वाटेल.